तारेखालची सावली

माझ्या सासूबाईंनी उन्हाला कधी भाव दिला नाही. पातूरकडच्या एका लहान गावात त्यांचं सगळं आयुष्य वावरात गेलं होतं. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना अमरावतीला आमच्याकडे आणलं. त्या दिवशी त्यांनी घराच्या खोल्या एकदा फिरून पाहिल्या, बुद्धाच्या मूर्तीसमोर हात जोडले, मग मागचं दार उघडून अंगणात गेल्या आणि तिथंच बसल्या. आत वेगळी खोली दिली होती, पलंग होता, कुलर होता. पण त्यांची खोली म्हणजे ते अंगणच झालं. सकाळी डाळ निवडायची असो, दुपारी गोधडी शिवायची असो, त्या बाहेर. मी 'आई, आत या' म्हटलं की म्हणायच्या, "घरात मले कोंडल्यावानी वाटते वं माय."

आमचं घर परतवाडा रोडच्या अंगाला, शहर संपता संपता आहे. मागचं अंगण चांगलं लांबरुंद. एका कोपऱ्यात पाण्याचं टाकं, त्याच्याशेजारी धुण्याचा दगड. भिंतीपलीकडे काळ्या मातीचं वावर. उन्हाळ्यात त्याला अशा भेगा पडतात की कोंबडीचं पिलू आत जावं. झाड एकही नव्हतं. सकाळी नवापासून ऊन जे अंगणात उतरायचं ते सूर्य वावराच्या टोकाला टेकेपर्यंत हलायचं नाही.

आणि अंगणावरून तारा जात होत्या. मोठ्या लाइनच्या तीन तारा. मागच्या भिंतीला धरून, पण थोड्या आमच्याच बाजूनं झुकलेल्या. प्लॉट घेताना विकणारा म्हणाला होता की ही लाइन हटणार आहे, अर्ज गेलेला आहे. घर बांधून झालं, रंग उडाला, लाइन होती तिथंच होती. हिवाळ्यात धुकं पडलं की त्या तारा तटतट वाजायच्या. उन्हाळ्यात त्या ढिल्या पडून खाली यायच्या. आधी माझं लक्ष नसायचं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते, नवरा धारणीला नोकरीला, शनिवारी संध्याकाळी जीप आणि बस बदलत यायचा. अंगणात उभं राहून वर पाहायला आम्हाला सवड कुठं होती?

त्या वर्षी चैत्रातच होळी पेटल्यासारखं झालं. उन्हाळ्यात आमचं ऑफिस सकाळचं असतं. एका दुपारी मी घरी आले तर पुढचं दार नुसतं लोटलेलं, कुलर रिकाम्या खोलीत चालू. मी मागं गेले. अंगणात जुन्या लुगड्यावर काडीवर वळलेले कणकेचे सरगुंडे वाळत घातलेले होते आणि त्यांच्याशेजारी टाक्याला पाठ टेकून आई बसल्या होत्या. पदर खांद्यावरून खाली पडलेला. त्या माझ्याकडे पाहत होत्या, पण मला ओळखत नव्हत्या.

"एवढं पाणी काहून सोडलं वावरात?" त्या म्हणाल्या. "पिकं सडतीन ना."

मी त्यांच्या दंडाला हात लावला. घामाचा थेंब नाही. कातडी कोरडी आणि इतकी गरम की मी हात मागं घेतला. सासरे जाऊन दोन वर्षं होत होती आणि त्या मला विचारत होत्या की ते बैल सोडून आले का. मी त्यांना ओढतच स्वयंपाकघरात आणलं, चादर भिजवून अंगावर टाकली, शेजारच्या वहिनींना हाक मारली. त्यांच्या मुलानं ऑटो आणला.

दवाखान्यात सलाइन लावलं. संध्याकाळी आईंनी डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "सरगुंडे उचलले का?" मला रडू आलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "या वेळी उठल्या. पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकणार नाही. त्यांना उन्हात बसू देऊ नका."

घरी आणलं, तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा अंगणात. मी मागच्या दाराला बाहेरून कडी लावून ऑफिसला गेले, तर आल्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई दार वाजवत होत्या. हळूहळू, बराच वेळ." त्या दिवसानंतर मी कडी लावली नाही. त्यांना अंगणातून आत आणता येत नव्हतं, तेव्हा सावलीच अंगणात न्यायची असं मी ठरवलं.

आईंचं म्हणणं एकच, "झाड लाव." त्यांनी स्वतःच गावाहून शेवग्याची फांदी मागवून कोपऱ्यात खोचली. शेवगा लवकर वाढतो हे खरं, पण सावली द्यायला त्याला निदान दोन उन्हाळे लागणार. आणि वाढून तो जाणार कुठं? शेजारच्या वहिनींकडे निंबाचं झाड होतं. दरवर्षी पावसाळ्याआधी लाइनवाले येऊन तारेच्या बाजूच्या फांद्या तोडून जायचे. झाड अर्धंच राहिलं होतं, एका बाजूनं हिरवं आणि आमच्या बाजूनं नुसते खुंट. त्यातले काही खुंट काळे पडले होते. वहिनी म्हणाल्या, पावसात फांदी तारेला लागली की धूर निघतो.

मग मी पत्र्याचं शेड करायचं ठरवलं. शेड टाकणारा वेल्डिंगवाला आला. चाळिशीचा, बोलका माणूस. त्यानं अंगण पाहिलं, टाकं पाहिलं, आणि म्हणाला, "ताई, पत्रा लावला तर उंच लावा. बुटका पत्रा म्हणजे भट्टी. माणूस खाली शिजून निघते." हे मला पटलं. आमच्या मोटारसायकल ठेवायच्या बुटक्या पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नव्हतं.

"किती उंच?" मी विचारलं.

"दाखवतो ना."

त्यानं गाडीवरून लोखंडी पाइप काढला, आत आणला आणि अंगणाच्या मधोमध उभा करू लागला. मी पाइपाच्या खालच्या टोकाकडे पाहत होते, फरशी फुटेल म्हणून. आई बाजेवर बसून वाती वळत होत्या. त्यांच्या हातातला कापूस तसाच राहिला.

"बाबू, खाली घे," त्या म्हणाल्या.

त्यानं ऐकलं नाही. पाइप आणखी सरळ झाला.

"खाली घे म्हणते ना."

आवाज मोठा नव्हता. पण त्यात असं काही होतं की तो थांबला आणि त्यानं वर पाहिलं. मीही पाहिलं. पाइपाचं टोक आणि सगळ्यात खालची तार यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा होती. तारेची गुणगुण त्या वेळी मला पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आली. त्यानं पाइप सावकाश आडवा केला, भिंतीपाशी ठेवला आणि आपल्या दंडावरून हात फिरवला. दंडावरचे केस उभे राहिले होते, घामामुळे की कशामुळे, कोण जाणे.

"काही होत नाही ताई," तो हसून म्हणाला. "आमचं रोजचंच काम आहे. लाइन बंद असते तेव्हा येऊन ठोकून देतो."

"आणि लाइन आली तर?" आईंनी विचारलं.

मी त्याला चहा दिला आणि शेड नको म्हणून सांगितलं. तो गेल्यावर आई बराच वेळ वरच पाहत होत्या. "आपल्या वावरातूनबी तार जाये," त्या म्हणाल्या. "यायचे बाबा तिच्याखाली औत हाकत, पण उभे राहत नसत कधी." 'यायचे बाबा' म्हणजे माझे सासरे.

तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा मांडव घालावा असंही एकदा ठरलं. नवऱ्याच्या ओळखीचा एक माणूस बांबू आणि तुराट्या आणून द्यायला तयार होता. असा मांडव थंड राहतो, गावाकडे आईंनी आयुष्यभर तोच पाहिला होता. पण एका संध्याकाळी वारा सुटला आणि खांबापाशी तारेतून ठिणग्या झडल्या. भिंतीवर पडून त्या विझल्या. त्या आम्ही दोघींनी पाहिल्या. वाळक्या तुराट्यांचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

शेवटी नवऱ्यानं परतवाड्याच्या बाजारातून हिरवी जाळी आणली. रोपवाटिकेत लावतात ती. तो म्हणाला, "हलकी आहे, लोखंड नाही, काही नाही. भिंतीच्या हुकांना बांधू, समोर दोन बांबू." रविवारी सकाळी त्यानं आणि मी मिळून ती बांधली. सुतळी उन्हानं सडते म्हणून बांधायला बारीक बायंडिंग तार घेतली. जाळी स्वयंपाकघराच्या दारापासून धुण्याच्या दगडापर्यंत पोचली. खाली बाज टाकली. आई येऊन बसल्या, वर पाहिलं.

"कसं वाटते?" नवऱ्यानं विचारलं.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "फडफड लय करते."

खरंच, ती जाळी कधी गप्प नसायची. साधी झुळूक आली तरी तिचं पोट फुगायचं आणि आपटायचं. खालचा उजेडही मला आवडला नाही. हिरवट उजेडात आईंचा चेहरा दवाखान्यातून आणला त्या दिवसासारखाच दिसायचा. पण अंगणातला ताप कमी झाला होता. आईंनी वाळवणासाठी टाक्याकडची उन्हाची पट्टी मोकळी ठेवून घेतली होती, आणि स्वतः सावलीत बसून तिथं काठीनं कावळे हाकायच्या. मी ऑफिसातून जरा निश्चिंत मनानं घरी येऊ लागले.

वैशाख संपत आला तेव्हाची दुपार. मी घरी येऊन जेवले होते. आई बाजेवर आडव्या झाल्या होत्या. वारा अजिबात नव्हता आणि पहिल्यांदाच जाळीचा आवाज थांबला होता. मला ते जाणवलं तशी मी भांडी घासायची सोडून दाराशी आले. आई उठून बसल्या होत्या, वावराकडे पाहत.

"आत चला आई," मी म्हटलं.

"वावधन येऊन राहिली," त्या म्हणाल्या. वावराच्या पलीकडे आभाळ विटकरी झालं होतं आणि ते आमच्याकडे सरकत होतं. मी सरगुंड्यांचं लुगडं गोळा केलं, त्यांचा हात धरला. आम्ही दारात पोचलो नाही तोच धूळ भिंतीवरून आत कोसळली. दार लावायला मला अंगाचा भार टाकावा लागला. बाहेर काहीतरी फाटत गेल्याचा मोठा आवाज झाला, मग पत्र्यांचे, मग गारांसारखा पाऊस. लाइट गेले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होतो.

पाऊस जसा आला तसाच गेला. मी दार उघडलं. उजेड पिवळा होता, सगळं अंगण ओलं, बांबू एक आडवा, एक दिसतच नव्हता. जाळी भिंतीच्या हुकांतून उखडून वर गेली होती आणि तारांवर पडली होती. दोन तारांना गुंडाळून ती लुगड्यासारखी खाली लोंबत होती. तिच्या टोकाला बायंडिंग तारेचा लांब तुकडा अडकला होता. तो तुकडा हलत हलत धुण्याच्या दगडाला टेकत होता.

मी फोन शोधायला आत वळले. बिजलीवाल्यांचा नंबर लागत नव्हता, नवऱ्याच्या फोनला धारणीत रेंज नव्हती. तेवढ्यात मला मागून काठीचा आवाज आला. आई उंबरा ओलांडून बाहेर गेल्या होत्या. त्यांच्या हातात शेवग्याच्या शेंगा तोडायला म्हणून आणून ठेवलेली लांब आकडी होती.

"आई, काय करून राहिल्या तुम्ही?"

"लाइन गेली हाय ना. आताच ओढून घेतो. मंग कोन येते अन् कवा येते."

"हात लावू नका."

"गेली हाय म्हणते ना मी. पाय ना, पंखा बंद हाय."

त्या अनवाणी होत्या. पायाखाली पाणी साचलेलं. आकडी जाळीपर्यंत पोचायला एक पाऊल कमी होतं. मी धावत गेले आणि त्यांच्या दंडाला धरलं, त्यांनी झटकलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. "सोड, पोरी, मले समजते," त्या म्हणाल्या. मी सोडलं नाही. मी त्यांच्या कमरेला मिठी मारून त्यांना मागं ओढलं, त्या पडल्या असत्या तरी मला चाललं असतं. आम्ही दोघी उंबऱ्यावर आदळलो. आकडी बाहेरच पडली.

त्या रागानं काहीतरी बोलायला लागल्या आणि घरातला पंखा फिरू लागला.

एक आवाज झाला, खूप मोठं जाड कापड कुणी एका झटक्यात फाडावं तसा. निळा उजेड स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत आला. जाळी पेटली. तिचे जळते थेंब फुस् फुस् करत खाली पडत होते, ओल्या फरशीवर, बाजेवर, जिथं त्या मघाशी झोपल्या होत्या तिथं. धुण्याच्या दगडापाशी पाणी उकळल्यासारखं उडालं. मग पंखा थांबला.

आई माझ्या मांडीवर होत्या. मी त्यांना आत ओढलं आणि दार लावलं. थोड्या वेळानं पुन्हा लाइट आले, पुन्हा तो आवाज, पुन्हा अंधार. लाइनवाले तिकडे सबस्टेशनवरून लाइन चालू करून पाहत होते. तिसऱ्यांदाही तसंच झालं. प्रत्येक वेळी दाराच्या फटीतून निळी रेघ आत यायची. चौथ्यांदा येईल म्हणून आम्ही वाट पाहत बसलो. ती आली नाही. पण नाही आली म्हणजे आता येणारच नाही, हे सांगायला कुणी नव्हतं.

शेजारच्या वहिनींच्या मुलानं गाडीवर जाऊन बिजलीच्या ऑफिसातून माणसं आणली. ते आले तेव्हा दिवस मावळत होता. एकजण खांबावर चढला, खाली उभ्या वयस्क लाइनमननं आधी लाइनला साखळी अडकवून तिचं टोक जमिनीत रोवलं, अचानक लाइन आली तरी जमिनीत उतरावी म्हणून. मग उरलेली जाळी उतरली. लाइनमननं बायंडिंग तारेचा तुकडा उचलला. त्याचं टोक वितळून गोळी झाली होती. धुण्याच्या दगडाला वरून खालपर्यंत चीर गेली होती.

"कोणी हात नाही ना लावला?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तो तार गुंडाळत राहिला. "तिकडच्या ले-आउटमध्ये पत्रा उडून तारेवर पडला. लाइन नव्हती म्हणून घरच्या माणसानं ओढला." मी पुढं विचारलं नाही. दारात आई उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. त्या आत गेल्या आणि त्यांनी स्वतःहून मागचं दार लावलं.

त्यानंतर त्या अंगणात गेल्याच नाहीत. ज्या बाईला घरात कोंडल्यासारखं वाटायचं ती कुलरसमोर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायची. जेवण कमी झालं. पंखा चालू-बंद झाला की दचकायच्या. एकदा म्हणाल्या, "मले गावाले पोचवून दे." गावाकडचं घर बंद होतं, तिथं त्यांना पाहणारं कुणी नव्हतं. नवऱ्यानं लाइन हटवण्यासाठी पुन्हा अर्ज दिला. बिजलीवाले बघू म्हणाले.

पावसाळा लागल्यावर एका सकाळी मागचं दार उघडं दिसलं. आई बाहेर वाकून माती उकरत होत्या. तारेपासून सगळ्यात लांब, स्वयंपाकघराच्या भिंतीला अगदी चिकटून त्यांनी खड्डा केला होता. कोपऱ्यातला शेवगा त्यांनी स्वतःच उपटून टाकला होता.

"मधुमालतीची फांदी आणजो," त्या म्हणाल्या. "दोडका-वाल नको. ते थंडीत मरून जाते, उन्हाळ्यात काय कामाचं? मधुमालती उन्हातबी टिकते. अन् मांडव बुटका. माह्या डोक्याएवढाच."

बुटका मांडव झाला. बांबूचा, सुतळीनं बांधलेला, लोखंडाचा खिळाही नाही. मधुमालतीनं पहिल्या वर्षी तो अर्धा झाकला, दुसऱ्या उन्हाळ्यात पूर्ण. खाली शिरलं की ओल्या मातीसारखा गारवा. आई तिथं बसू लागल्या, आकाश दिसणार नाही अशा. मला वाटलं, झालं. डॉक्टरीणबाईंनाही सांगून आले.

पण वेल मांडवावर थांबत नाही. मांडव भरला तशी ती भिंतीवर चढली, भिंतीवरून गच्चीबाहेर निघालेल्या पाण्याच्या पाइपावर, आणि पाइपाच्या टोकाशी पोचून तिची कोवळी शेंडी धरायला काही शोधत हवेत हलू लागली, मागच्या बाजूला, तारेच्या दिशेनं. आईंनी ते माझ्याआधी पाहिलं. त्या रोज सकाळी विळा घेऊन गच्चीवर जाऊ लागल्या. शेंड्या तोडायच्या, ओच्यात घालून खाली आणायच्या. पावसाळ्यात तर सकाळी तोडलेल्या जागी दोन दिवसांत पुन्हा हातभर वाढ व्हायची.

"काढूनच टाकू का वेल?" मी विचारलं.

"मंग मी कुठी बसू?" त्या म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यापासून त्यांना जिना चढवत नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. आता विळा माझ्याकडे आहे. ऑफिसला जायच्या आधी मी वर जाते, पाइपापाशी उभी राहते, तारा आणि शेंड्या यांच्यात किती जागा उरली आहे ते आधी बघते आणि मग हात पुढं करते. परवा दोन दिवस अंगात ताप होता म्हणून मी वर गेले नव्हते. तिसऱ्या दिवशी गेले तर एक शेंडी माझ्या हाताला येणार नाही इतकी लांब गेली होती. मी काठीनं ती ओढायचा विचार केला, आणि काठी खाली ठेवली. लाइनवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, येतो.

खालून आईंनी विचारलं, "तोडली का वं?"

"हो," मी म्हटलं, आणि ते येईपर्यंत गच्चीच्या दारात उभी राहिले.